बिदासोआच्या अलीकडची घरं

जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये २२ सप्टेंबर १९४१ या तारखेची एक जाहीर सूचना भिंतीभिंतीवर डकवली गेली होती. खाली सही जर्मन सेनापती फोन श्ट्युल्पनागेलची. मजकूर थोडक्यात असा: शत्रूच्या विमानातून हवाई छत्रीने उतरलेल्या किंवा विमान पाडल्यावर निसटलेल्या सैनिकांना जो पुरुष मदत करील, लपवील, पळून जायला हातभार लावील, त्याला ताबडतोब गोळी घालण्यात येईल. हेच एखाद्या बाईने केलं तर तिची रवानगी जर्मनीतल्या छळछावणीत होईल. आणि असा सैनिक धरून देणाऱ्याला १०,००० फ्रँकपर्यंत इनाम मिळेल.

ज्या सैनिकासाठी हा सगळा जाच, तो स्वतः सापडला तर? तो सैनिक आहे हे पटलं की तो युद्धकैदी ठरायचा. जिनिव्हा करार त्याच्या पाठीशी उभा राहायचा. छावणीत हाल होते, भूक होती, पण रेड क्रॉसची पार्सलं यायची, घरी पत्र लिहिता यायचं, आणि बहुतेक जण युद्ध संपल्यावर आपापल्या घरी गेले. त्याला एका रात्रीपुरतं अंथरूण देणाऱ्या बाईच्या पाठीशी कुठलाच करार नव्हता.

महायुद्धातल्या पलायनाच्या गोष्टी मी शाळेपासून वाचत आले आहे. त्या जवळजवळ सगळ्या पळणाऱ्याच्या बाजूने सांगितलेल्या. खोदलेले बोगदे, बनावट कागद, रेल्वेच्या डब्यात शेजारी येऊन बसलेला जर्मन अधिकारी. वाचताना श्वास अडकायचा तो त्या पळणाऱ्यासाठी. अलीकडे मात्र वाचता वाचता मी त्याच्या मागे जातच नाही. तो पुढच्या मुक्कामाला निघून जातो आणि मी मागच्या घरातच थांबते. ज्या बाईने दार उघडलं, तिचं पुढे काय झालं?

अडकलेल्या दोस्त सैनिकांना घराघरांत लपवत सरहद्दीपार पोचवणाऱ्या, बेल्जियममधल्या ‘कोमेत’ या साखळीबद्दल लिहायचं ते याच प्रश्नासाठी. कोमेत म्हणजे धूमकेतू. ती उभी केली ब्रसेल्सच्या चोवीस वर्षांच्या आंद्रे द योंगने. तिला सगळे देदे म्हणत. वडील फ्रेदेरिक शाळेचे मुख्याध्यापक. ती जाहिरातींची चित्रं काढायची आणि रेड क्रॉसमध्ये शुश्रूषेचं काम करायची. लहानपणापासून तिच्यापुढे आदर्श होता एडिथ कॅव्हेल या इंग्रज परिचारिकेचा. पहिल्या महायुद्धात ब्रसेल्समधून दोस्त सैनिकांना हॉलंडकडे पोचवल्याबद्दल जर्मनांनी १९१५ मध्ये कॅव्हेलला गोळ्या घातल्या होत्या. म्हणजे या कामाचा शेवट कसा होऊ शकतो, हे देदेला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

डंकर्कच्या माघारीत मागे राहिलेले ब्रिटिश सैनिक बेल्जियमच्या घराघरांत दडून बसले होते. पुढे बॉम्बफेकी विमानं पडू लागली तसे वैमानिकही येऊ लागले. त्यांना इंग्लंडला धाडायचं कसं? समुद्रकिनारा जर्मनांच्या ताब्यात. उरली एकच वाट: अख्खा फ्रान्स उभा ओलांडायचा, पिरेनीजचे डोंगर चढायचे, नावापुरत्या तटस्थ स्पेनमध्ये उतरायचं आणि तिथून ब्रिटिशांच्या ताब्यातलं जिब्राल्टर. १९४१च्या उन्हाळ्यातल्या पहिल्या खेपेला देदे आणि तिचा सहकारी आर्नोल्ड देपे माणसं घेऊन निघाले, तेव्हा सोम नदीच्या काठी कळलं की बऱ्याच जणांना पोहताच येत नाही. मग हवा भरलेली ट्यूब आणि दोर यांच्या आधाराने देदेने रात्रीतून एकेकाला पलीकडे नेलं. ती माणसं डोंगरापाशी वाटाड्याच्या हवाली करून दोघं परतली आणि नंतर समजलं की स्पेनमध्ये ती पकडली गेली.

दुसऱ्या खेपेला तिने ठरवलं, आपणच शेवटपर्यंत जायचं. ऑगस्ट १९४१ मध्ये एक स्कॉटिश सैनिक आणि दोन बेल्जियन घेऊन ती बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत उभी राहिली. तिथल्या अधिकाऱ्यांना खरंच वाटेना. एवढीशी मुलगी ब्रसेल्सहून डोंगर चालून आली? तिने मागितलं ते एवढंच: माणसांच्या प्रवासाचा आणि वाटाड्यांचा खर्च द्या, आम्ही आणखी आणतो. मात्र कारभार आमच्या हातात राहील. पळालेल्या सैनिकांचं काम पाहणाऱ्या एमआय-९ या ब्रिटिश खात्याने पैसे दिले. साखळी बेल्जियनच राहिली.

पिरेनीज म्हटलं की बर्फाची शिखरं डोळ्यांपुढे येतात, पण कोमेतची वाट पर्वतरांगेच्या पश्चिम टोकाची, अटलांटिकला लागून. तिथे डोंगर फार उंच नाहीत. माझा भाऊ त्या बाजूला नोकरीला आहे, म्हणून सप्टेंबरातल्या एका दिवसात त्या वाटेचा काही भाग मी त्याच्याबरोबर चालले. सह्याद्रीत फिरलेल्या पायांना चढ अवघड वाटला नाही. अवघड काय असेल ते मला उतारावर कळलं. नेच्याच्या रानात पाऊलवाट दिसेनाशी होते, माती ओली, आणि समुद्रावरून आलेलं धुकं पाहता पाहता समोरचा माणूस गिळतं. आम्ही भर दुपारी, चांगले बूट घालून चालत होतो. ती माणसं अमावास्येच्या अंधारात, पावसात, कंदील न पेटवता, एक अक्षर न बोलता चालली होती. त्यातले कित्येक महिनोन्‌महिने माळ्यावर नाहीतर तळघरात बसून पाय आखडलेले.

पॅरिसहून रेल्वेने ते बायोन, सँ-जाँ-द-ल्यूझकडे उतरायचे. स्टेशनातल्या मुतारीला रस्त्याकडे उघडणारं एक दार होतं, त्यातून तपासणी चुकवून बाहेर. मग सायकलने किंवा पायी उरुन्य गावच्या हद्दीतल्या बिदेगाइन बेरी या शेतघरात. घर फ्रान्चिया उसांदिसागाचं. बास्क, म्हणजे या सरहद्दीच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या लोकांतली शेतकरीण, तरुण विधवा, पदरात तीन मुलं. तिच्या चुलीपाशी गरम दूध किंवा सूप मिळायचं. अंगावर निळे बास्क कपडे, डोक्याला बेरे टोपी, हातात काठी, पायांत दोरीच्या तळव्याचे कापडी जोडे, कारण बुटांचा आवाज होतो. अंधार पडला की फ्लोरेंतिनो पुढे आणि बाकीचे मागे.

फ्लोरेंतिनो गोइकोएचेआ हा धिप्पाड बास्क माणूस पेशाने तस्कर. सरहद्दीवरची प्रत्येक पायवाट त्याला तोंडपाठ, पण बास्कखेरीज दुसरी भाषा धड येत नव्हती. वाटेत झुडपांत त्याने ब्रँडीची बाटली लपवून ठेवलेली असायची, ती अंधारात हात घालून तो नेमकी काढायचा. पाय गळालेल्या वैमानिकाला खांद्यावर टाकून चालायचा. चार-पाच तासांनी कडा यायचा आणि खाली स्पेनकडचे इरुणचे दिवे दिसायचे. ते दिवे पाहून नवख्यांना वाटायचं, आलोच. पण अजून बिदासोआ होती.

बिदासोआ ही सरहद्दीची नदी. विजारी काढून गळ्याभोवती बांधायच्या आणि कमरेएवढ्या गार पाण्यात शिरायचं. पलीकडच्या काठावर लगेच चढ, रेल्वेचे रूळ, रस्ता आणि स्पॅनिश पहारेकरी. ते ओलांडून पुन्हा डोंगर, आणि उजाडता उजाडता ओयार्त्सुनजवळचं सारोबे नावाचं शेतघर. त्या काठाने धावणारी लहान गाडी बंद पडून तिथे आता सायकलचा मार्ग झाला आहे. आम्ही गेलो तेव्हा शाळेतली मुलं ओरडत जात होती. नदी पावसात फुगली तर मात्र उतार मिळायचा नाही. मग वर एंदार्लात्सा पुलाकडून कित्येक तासांचा वळसा. २३ डिसेंबर १९४३च्या रात्री नदी ओलांडताना अमेरिकन वैमानिक जेम्स बर्च आणि साखळीचा एक म्होरक्या, काउंट आंत्वान द्युर्सेल, दोघं वाहून गेले.

फुगलेल्या नदीमुळेच फ्रान्चियाचं घरही बुडालं. जानेवारी १९४३ मध्ये देदे तीन ब्रिटिश वैमानिकांना घेऊन आली. पाऊस थांबत नव्हता. आज जमणार नाही, उद्या पाहू, असं सांगून फ्लोरेंतिनो निघून गेला. सगळे त्या घरात थांबले. कुणीतरी खबर दिली होती. १५ जानेवारीला शिपायांनी घराला वेढा घातला आणि देदे, फ्रान्चिया, तिघे वैमानिक, सगळ्यांना नेलं.

चौकशीत वडिलांवर संशय जातोय असं दिसल्यावर देदेने सांगून टाकलं की ही साखळी माझी आहे, मीच प्रमुख. जर्मनांनी विश्वास ठेवला नाही. या पोरीच्या मागे कुणी मोठा पुरुष असणार, असं धरून ते तो पुरुष शोधत राहिले. त्यांच्या त्या समजुतीमुळेच बहुधा ती वाचली. राव्हेन्सब्रुक, माउटहाउझेन या छळछावण्या पाहून ती १९४५ मध्ये जिवंत परतली. वडील परतले नाहीत. त्यांना एका फितुराने पॅरिसमध्ये पकडून दिलं आणि २८ मार्च १९४४ रोजी मों व्हालेरियाँच्या किल्ल्यात गोळ्या घालण्यात आल्या.

फ्रान्चियाही परतली नाही. ती राव्हेन्सब्रुकमध्ये १९४५ साली मेली, सुटका अगदी तोंडाशी आली असताना. या विषयावरच्या लिखाणात देदेला प्रकरणं मिळतात, फ्लोरेंतिनोला पानं मिळतात आणि फ्रान्चियाला दोन-तीन ओळी. मला हे लागतं. देदे स्वतः निवडून या कामात उतरली होती, तिने जगाचा नकाशा पाहिला होता. फ्रान्चियाकडे तीन मुलं होती, गुरं होती, आणि घर वाटेवर होतं. त्या घरात ज्यांनी सूप पिऊन जोडे बदलले ते पुढे विमानं उडवायला परत गेले. तिचा धोका मात्र ते गेल्यावरही घरातच राहिला, दर खेपेला साचत गेला.

हे घराघरांत झालं. ब्रसेल्समध्ये मारेशाल कुटुंबाकडे नोव्हेंबर १९४२ मध्ये दोन ‘अमेरिकन’ वैमानिक आणून पोचवले गेले. घरची बाई, एल्सी, मूळची इंग्रज. तिने त्यांना जेवायला वाढलं. काहीतरी खटकत होतं, पण पाहुणे उपाशी आलेले. जरा फिरून येतो म्हणून ते बाहेर पडले आणि परतले ते पोलीस घेऊन. दोघेही जर्मन हेर होते. त्या एका जेवणातून सुमारे शंभर माणसं पकडली गेली. एल्सीचा नवरा जॉर्ज याला एप्रिल १९४३ मध्ये गोळ्या घातल्या. ती आणि तिची लेक छावण्यांमधून वाचल्या. पुढच्या पाहुण्याला दार उघडताना बाकीच्या बायकांच्या मनात काय आलं असेल? तरी दारं उघडत राहिली, हे मला या सगळ्यातलं सर्वांत मोठं वाटतं.

आणि खाऊ काय घालायचं? सगळं रेशनवर. लपलेल्या माणसाच्या नावाचं कार्ड कुठून असणार? म्हणजे एकेक धडधाकट तरुण पोसायचा तो घरच्या चौघांच्या ताटातून किंवा काळ्या बाजारातून. दक्षिणेकडच्या आंग्लेत गावात एल्वीर द ग्रेफ ही बेल्जियन बाई हे सांभाळायची, तिला सगळे ‘तांत गो’ म्हणत. नवरा जर्मन कचेरीत दुभाषा होता, तिथून कोरे परवाने यायचे. काळ्या बाजारात कोण कोण जर्मन अधिकारी माल घेतात, हे तिला ठाऊक होतं, आणि एकदा अटक झाली तेव्हा तेच त्यांच्या तोंडावर सांगून ती सुटली. जुलै १९४४ मध्ये फ्लोरेंतिनो पायात गोळ्या लागून जर्मनांच्या हाती सापडला, तेव्हा तांत गोने बायोनच्या इस्पितळात जाऊन त्याच्या कानात निरोप सांगितला. मग गेस्टापोच्या, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांच्या सोंगात तिची माणसं रुग्णवाहिका घेऊन आली आणि त्याला उचलून घेऊन गेली.

या रेशनच्या हिशेबाने मला माझी आजी आठवते. ती वाळवा तालुक्यातली. बेचाळीसनंतर तिच्या गावात भूमिगत यायचे, रात्री, निरोप न देता. तेव्हा तिचं नुकतं लग्न झालं होतं. ती सांगायची, माणूस लपवणं सोपं, भाकरी लपवणं अवघड. पीठ किती दळून आणलं हे अख्खी आळी बघते. चुलीचा धूर अवेळी दिसला की विचारणा होते. सकाळी परसात जास्तीची ताटं दिसली तर संपलंच, म्हणून ती मध्यरात्री अंधारात भांडी घासायची, राखेने, आवाज न करता. कोण आलं, कुठून आलं, कुठे निघालं, हे तिने कधी विचारलं नाही. विचारलं नाही तर मारूनही काही सांगता येत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कोमेतमध्ये हाच नियम होता: आपल्या पुढच्या आणि मागच्या एका माणसापलीकडे कुणाची ओळख नको.

एकाच वर्षात, १९४३ मध्ये, बास्क स्वयंपाकघरात ब्रिटिश वैमानिकाला सूप मिळत होतं आणि सातारकडच्या स्वयंपाकघरात ब्रिटिश सरकारच्या पोलिसांपासून पळणाऱ्याला भाकरी. मी यावर पुष्कळ विचार केला. दोन्हींत विरोध आहे असं मला वाटत नाही. दोन्हीकडे बाहेर सत्तेचा पहारा होता आणि उंबऱ्यात दमलेला माणूस उभा होता.

आणि आपली माणसं पळणाऱ्यांतही होती. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा तिथल्या कैद्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. उत्तर आफ्रिकेत धरलेले हजारो हिंदी सैनिक आधी इटलीत आणि मग जर्मनांच्या ताब्यात गेले. काही जण सुभाषबाबूंनी उभारलेल्या आझाद हिंद दलात सामील झाले, बाकीचे कैदीच राहिले. त्यातल्या सुमारे तीन हजारांना पूर्व फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीत ठेवलं होतं. ११ मे १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी एपिनालवर बॉम्ब टाकले. छावणीच्या भिंती पडल्या, कित्येक कैदी जागीच मेले, आणि उरलेले वाट फुटेल तिकडे पळाले. पायी स्वित्झर्लंड गाठायचं होतं, शंभरहून जास्त किलोमीटर. सुमारे ५०० जण पोचले.

त्यांच्यासाठी कोमेतसारखी बांधलेली साखळी नव्हती. बेरे टोपी घालून हा सावळा माणूस फ्रेंच शेतकरी आहे असं भासवता येण्यासारखं नव्हतं. फ्रेंच भाषा नाही, नकाशा नाही. तरी गावागावांनी त्यांना गवताच्या गंजीत झोपवलं, दूध-बटाटे दिले, हाताने दिशा दाखवली. एतोबों हे त्यातलंच एक चिमुकलं गाव. २७ सप्टेंबर १९४४ रोजी जर्मनांनी तिथल्या ३९ पुरुषांना शेजारच्या शनबिये गावात चर्चच्या भिंतीशी उभं करून मारलं. हिंदी सैनिकांना आसरा दिला म्हणूनच ही शिक्षा झाली असं म्हणणं बरोबर नाही, तो जंगलातल्या फ्रेंच लढवय्यांच्या कारवायांचा सूड होता. पण ज्या घरांनी आपल्या सैनिकांना भाकर दिली त्यांतले कर्ते पुरुष त्या भिंतीशी गेले, एवढं खरं आहे. आपल्याकडे सैनिकी परंपरा सांगणारी गावं पुष्कळ आहेत. त्यांच्या वेशीवरच्या फलकांवर एतोबोंचं नाव कुठेतरी असावं, असं मला मनापासून वाटतं.

कोमेतने सुमारे ८०० जणांना मदत केली, त्यात २८८ वैमानिक डोंगर ओलांडून गेले. साखळीत कमी-जास्त तीन हजार माणसं गुंतलेली होती, निम्म्याहून जास्त बायका. दीडशेहून अधिक जण जिवानिशी गेले. हे आकडे आज सांगता येतात, कारण युद्ध संपताच ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करांनी खास कचेऱ्या उघडून मदत करणाऱ्यांची चौकशी केली. किती माणसं ठेवली, किती दिवस, काय खर्च झाला, अटक झाली का. प्रत्येकाची फाइल झाली. पैसे दिले, प्रशस्तिपत्रं दिली, अमेरिकन पत्रांवर आयझेनहॉवरची सही, ब्रिटिश पत्रांवर एअर चीफ मार्शल टेडरची. फ्रेंच मदतनीसांच्या हजारो फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायका आहेत, शाळेच्या दप्तरातून निरोप नेणाऱ्या मुली आहेत. देदेला १९४६ मध्ये जॉर्ज पदक मिळालं. त्यानंतर ती आफ्रिकेत गेली आणि काँगो, कॅमेरून, इथिओपियात वर्षानुवर्षं कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करत राहिली. २००७ मध्ये गेली.

आपल्याकडे १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू झालं, त्यासाठी साधारण सहा महिन्यांचा तुरुंगवास किंवा भूमिगत असल्याचा पुरावा लागायचा. जे लढले त्यांच्यासाठी ती योजना होती, आणि ती व्हायलाच हवी होती. पण मध्यरात्री भांडी घासणाऱ्या बाईने पुरावा आणायचा कुठून? पुरावा राहू नये म्हणूनच तर ती घासत होती.

आजी गेल्याला बरीच वर्षं झाली. तिच्या आळीतल्या, तिच्या तोंडून ऐकलेल्या बायकांची नावं मी या उन्हाळ्यात वहीत उतरवायला घेतली आहेत. कुणाच्या घरात कणगीमागे जागा होती, कुणी भाकरी परड्यातून शेतात पोचवल्या, कुणाच्या नवऱ्याला चावडीवर मारलं. आईला काही आठवतात, मावशीला काही वेगळ्याच. वाळवा, तासगाव, खानापूर, पलूस या भागातल्या ज्यांच्या घरी अशी म्हातारी माणसं आहेत, त्यांनी याच दिवाळीत बसून विचारावं: नाव, गाव, कोणाचं घर, काय खायला घातलं.